ळ ची वेल

तायांनो, सही शिकताना अक्षराची भीती वाटायची ना? आता त्याच अक्षराची नक्षी करू. कॉम्प्युटरवरचा ‘मंगल’ फाँट घडवणारे र. कृ. जोशी अक्षराकडे चित्र म्हणूनही बघत.

‘ळ’ घ्या. शेजारी शेजारी ठसे मारले की वरच्या रेघा जुळून सरळ काठ होतो आणि खाली गोलांची वेल चालते. ठसा ४ इंच आणि कापडाचा पन्हा ४४ इंच, तर एका ओळीत ११ ठसे. दुसरी ओळ २ इंच सरकवून सुरू करा. १० पूर्ण बसतील, दोन्ही टोकांना अर्धा. कडेखाली रद्दी ठेवा, नाहीतर टेबल रंगतं.

ठसा मात्र उलटा कोरायचा! आमच्या गटानं ‘ग’ सरळच कोरला. ३० पिशव्यांवर उलटा ‘ग’ उमटला, ऑर्डर परत आली, रंगाचे पैसे अंगावर पडले. (‘ळ’ असता तर कदाचित खपूनही गेला असता.) म्हणून अक्षर बटर पेपरवर लिहा, कागद पालथा करून लाकडावर गिरवा, मगच कोरा.

आरमोरीच्या कोशावर छापायच्या आधी जुन्या लुगड्यावर दोन ओळी मारून बघा. कोसा महाग असतो, अन् चुकलेला ठसा पुसता येत नाही.