तांत्रिक लेखन : अभियंत्याचे दुसरे साधन

ठाण्याहून मुंबईत शिरताच पूर्व उपनगरांतील पहिले ठाणे म्हणजे मुलुंड. तानसा जलाशयाचे पाणी १८९२ पासून मुंबईस मिळत आहे आणि त्याच्या प्रचंड जलवाहिन्या मुलुंड-भांडुप परिसरातून पुढे जातात. वाहिनीची दुरुस्ती अभियंता करतो. परंतु त्या दिवशी घरोघरी पाणी भरून ठेवले जाईल की नाही, हे त्याने लिहिलेल्या सूचनेवर अवलंबून असते.

समजा, सूचना अशी निघाली : ‘जलवाहिनीवरील झडप बदलण्याचे काम हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा बाधित होण्याची शक्यता नाकारता येत नाही, तरी संबंधितांनी योग्य ती दक्षता घ्यावी.’ व्याकरणदृष्ट्या हे वाक्य निर्दोष आहे. परंतु पाणी केव्हा बंद, कोणाचे बंद आणि करावयाचे काय, या तिन्ही प्रश्नांना त्यात उत्तर नाही. तीच सूचना अशी लिहिता येईल : ‘मंगळवारी सकाळी १० ते रात्री १० पर्यंत खालील रस्त्यांवरील घरांत पाणी येणार नाही. सोमवारीच पाणी भरून ठेवावे. बुधवारी येणारे पाणी गढूळ असल्यास गाळून व उकळून प्यावे.’ येथे विद्वत्ता उणावली नाही. जबाबदारी मात्र वाढली.

यावरून पहिला नियम निघतो : लिहिण्यापूर्वी वाचक कोण, हे ठरवावे. दुसरा : निष्कर्ष आरंभी द्यावा, कारणमीमांसा नंतर. तिसरा : कर्ता लपवू नये. ‘तपासणी करण्यात यावी’ असे लिहिल्यास ती कोणीच करीत नाही. ‘कनिष्ठ अभियंत्याने शुक्रवारपर्यंत तपासणी करावी’ असे लिहिल्यास काम मार्गी लागते.

चौथा नियम आकड्यांचा. जलजीवन मिशनचे प्रमाण दरडोई दररोज ५५ लिटर आहे. २,००० वस्तीच्या गावास त्याप्रमाणे दररोज १,१०,००० लिटर पाणी लागेल. अहवालात ‘०.११ दशलक्ष लिटर’ लिहिणे चूक नव्हे. परंतु ग्रामसभेपुढे ‘माणशी १५ लिटरचे साडेतीन हंडे व थोडे अधिक’ असे सांगितले, तर सदस्य योजनेविषयी प्रश्न विचारू शकतील. आकडा समजल्याशिवाय संमतीला अर्थ नाही.

पाचवा नियम परिभाषेचा. शासनाने १९६० मध्ये भाषा संचालनालय स्थापन केले. पुढे महाराष्ट्र राजभाषा अधिनियम, १९६४ झाला. संचालनालयाचे शासन व्यवहार कोश व परिभाषा कोश लेखकाच्या हाताशी असावेत. तथापि ‘झडप’ हा शब्द कोशात असला, तरी कामगार ‘व्हॉल्व्ह’च म्हणतो. म्हणून प्रथम उल्लेखी ‘झडप, म्हणजे व्हॉल्व्ह’ असे लिहावे आणि नंतर एकच शब्द अखेरपर्यंत वापरावा. एकाच वस्तूस तीन नावे दिल्यास वाचकास त्या तीन वस्तू वाटतात. यंत्रशाळेत असा गैरसमज अपघातास कारण ठरू शकतो.

शेवटची कसोटी सोपी आहे. मसुदा त्या विषयाशी संबंध नसलेल्या सहकाऱ्यास मोठ्याने वाचून दाखवावा आणि ‘आता काय करशील?’ असे विचारावे. त्याचे उत्तर चुकले, तर दोष वाचकाचा नव्हे, मसुद्याचा समजावा. शिक्षकांनी हाच सराव विद्यार्थ्यांकडून करून घेतल्यास उद्याचा अभियंता नकाशाइतकेच स्वच्छ वाक्यही रेखील.