थंडीत करडू जगवताना



नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्याच्या डाब, तोरणमाळ भागात डिसेंबर-जानेवारीत पहाटे कधी कधी दवबिंदूही गोठतात. याच दिवसांत पाड्यांवरील अनेक भिल्ल व पावरा घरांतील कर्ती माणसे ऊसतोडीसाठी गुजरातेत गेलेली असतात. मागे राहतात आजी-आजोबा, लहान मुले आणि शेळ्या. दवाखाना असो की बियाणे, अडचणीला शेळीच विकली जाते. म्हणून थंडीत करडू दगावले की त्या घराचा आधारच जातो. पुढील गोष्टी सांभाळल्या तर बरीच करडे वाचू शकतात.

1. अंग कोरडे करा. नुकतेच जन्मलेले करडू ओले असते आणि ओल्या अंगाला वारा लागला की ते झपाट्याने गारठते. शेळीने चाटले तरी जुन्या कापडाने किंवा गोणपाटाने चोळून पुसावे. नाळेला टिंचर आयोडीन लावावे.

2. चीक लवकर पाजा. पहिल्या तासा-दोन तासांत करडाच्या पोटात चीक गेला पाहिजे. त्यातून ऊब आणि रोगाशी लढण्याची शक्ती मिळते. एका दिवसानंतर ही शक्ती शरीरात जवळजवळ शोषलीच जात नाही. दोन किलोच्या करडाला पहिल्या दिवसात सुमारे 200 मिलिलिटर चीक थोडा थोडा करून मिळावा. चीक फेकून देऊ नये.

3. गारठलेल्या करडाला आधी ऊब, मग दूध. करडाच्या तोंडात बोट घालून पाहा. तोंड गार असेल आणि मान टाकली असेल, तर दूध ओतू नका. त्याला गिळता येत नाही, दूध फुप्फुसात जाते. कोरड्या कापडात गुंडाळून, शेजारी कोमट पाण्याची बाटली फडक्यात बांधून ठेवावी. मान धरून चोखू लागले की पाजावे. तरीही सुधारणा नसेल तर 1962 या टोल फ्री क्रमांकावर पशुवैद्यकीय मदत मागावी.

4. वारा अडवा, हवा नको. कुडाच्या फटी शेळी बसते तेवढ्या उंचीपर्यंत शेणमातीने लिंपाव्यात किंवा गोणपाट लावावे. वरची बाजू मोकळी ठेवावी. सगळे बंद केले तर मुताचा वास आणि शेकोटीचा धूर कोंडून फुप्फुसाचे आजार होतात. खाली कोरडा पेंढा अंथरावा आणि ओला झाला की बदलावा.

5. संध्याकाळी पोटभर वैरण द्या. कडबा, तुरीचा भुसा अशी सुकी वैरण पचताना शेळीच्या पोटात उष्णता तयार होते. गाभण शेळीला शेवटच्या दोन महिन्यांत रोज मूठ-दोन मूठ मक्याचा भरडाही द्यावा. भल्या पहाटेचे गार पाणी टाळून ताजे उपसलेले पाणी पाजावे.

बंधुभगिनींनो, थंडीत पाड्यावर भेटीला जाल तेव्हा धान्याची रिकामी, स्वच्छ गोणपाटे सोबत न्या. आजीजवळ बसून तिच्या शेळ्यांची चौकशी करा आणि तिसरा मुद्दा तिला अवश्य सांगा. घाईने पाजलेल्या दुधाने जाणारे करडू त्याने वाचेल.