धान भरडाईचा दर आणि सवलतीचा हिशेब

वैनगंगेच्या खोऱ्यातील बालाघाट हा मध्यप्रदेशातील धान पिकविणारा एक प्रमुख जिल्हा होय. येथील सुगंधी चिन्नोर तांदळास २०२१ साली भौगोलिक मानांकन प्राप्त झाले. शेतकऱ्याचे धान मजुरीने भरडून देणारी लहान गिरणी हा अशा भागातील एक उपयुक्त सेवा-व्यवसाय आहे. शेजारच्या गिरणीने दर उतरविला की आपणही उतरवावा, असे गिरणीमालकास वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तत्पूर्वी पुढील हिशेब करणे अगत्याचे ठरते.

समजा, भरडाईचा दर क्विंटलमागे २०० रुपये आहे. त्यांपैकी वीज, हमाली व यंत्राची झीज यांवर १२० रुपये खर्च होतात. उरलेल्या ८० रुपयांतून जागेचे भाडे, कर्जाचा हप्ता व मालकाची मिळकत निघावयाची असते. १०० क्विंटलमागे ही शिल्लक ८,००० रुपये होते. दरात १० टक्के, म्हणजे २० रुपये सूट दिल्यास शिल्लक ६० रुपयांवर येते. तेवढीच रक्कम मिळविण्यास सुमारे १३४ क्विंटल धान भरडावे लागेल. सूट एक-दशांश, पण काम मात्र एक-तृतीयांशाने वाढते!

मग सवलत केव्हा द्यावी? कापणीनंतर गिरणी अहोरात्र चालत असता सूट देण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात यंत्र बंद राहिले तरी भाडे व हप्ता चुकत नाहीत. अशा वेळी मुदत जाहीर करून दिलेली सवलत हितावह ठरते. तसेच प्रत्येक वाणानंतर यंत्र साफ करावे लागते. चार-पाच शेतकऱ्यांनी एकाच वाणाचे धान एका दिवशी आणल्यास तो वेळ वाचतो. त्या बचतीचा वाटा ग्राहकांस देणे न्याय्य होय.

ग्राहकानेही केवळ दर पाहू नये. शासकीय भरडाईत १०० किलो धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ हे प्रमाण मानले जाते. लहान गिरणीत उतारा कमी पडू शकतो. दर स्वस्त, पण कोंडा गिरणीवाल्याचा व कणी अधिक, असे झाल्यास सवलत नाममात्रच राहते. म्हणून दर, कोंड्याची मालकी व सवलतीची मुदत ही फलकावर लिहावीत आणि धान व तांदूळ दोन्ही ग्राहकासमक्ष तोलावेत. असा चोख व्यवहार गिरणीस कायमचे ग्राहक मिळवून देतो.