चार हजार बोटुकली आणि एक पहाट

आमचं शेततळं तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, प्लास्टिकचं अस्तर टाकलेलं. खोदलं डाळिंबासाठी. पाणी पडूनच आहे, मासे सोडू, हा विचार वाईट नव्हता. हाव वाईट होती. हेक्टरी १०,००० चा हिशेब धरला तर त्या नऊ गुंठ्यांत ९०० बोटुकली पुरे. बीज विकणारा म्हणाला, "पाणी दांडगं आहे, चार हजार सोडा." त्याचं बरोबरच, तो नगावर पैसे घेतो.

कटला, रोहू, मृगळ सोडले. शेंगदाणा पेंड न् भाताचा कोंडा सढळ हाताने टाकला. पाणी हिरवंगार झालं, तर मी ते कौतुकाने पाहुण्यांना दाखवायचो! सात महिने झाले तरी मासा पाव किलोच्या पुढे सरकेना, तेव्हाही डोळे उघडले नाहीत.

मार्चमध्ये अवकाळी आभाळ आलं. तीन दिवस ऊन नाही. चौथ्या पहाटे गेलो तर काठ पांढरा झालेला. थोराड मासे आधी गेले होते, बारके वर तोंड काढून हवा गिळत होते. मोटर लावून पाणी उडवावं म्हटलं, तर त्या आठवड्यात शेतीची वीज दिवसाची. व्यापाऱ्याने मेल्या मालाकडे बघितलंही नाही.

हिरवं शेवाळ उन्हात प्राणवायू सोडतं आणि रात्री तोच ओढतं. तळाशी कुजणारी पेंडही ओढते. म्हणून घात होतो तो पहाटे. कोपरापर्यंत हात बुडवा. त्याआधीच तळवा दिसेनासा झाला तर खाद्य बंद करा, थोडं पाणी बदला. आभाळ असेल त्या दिवशी खाद्य नकोच. वीज नसताना चालेल असं डिझेल इंजिन तळ्यावर हवंच, मग बाकी खर्च. बीजाची पिशवी आणली की पंधरा-वीस मिनिटं तशीच पाण्यावर तरंगत ठेवा, मग तोंड सोडा.

एप्रिल २०२५ मध्ये राज्याने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा दिला, चांगलं झालं. पण भाव बाजारातच ठरतो. आंध्रातून बर्फातला मासा गाडीने येतो, त्याच्याशी स्वस्ताईत भिडू नका. आठवडी बाजाराच्या पहाटे थोडाथोडा काढून ताजा विका. तळंही विरळ होतं.

यंदा मी ९०० च सोडलीत. बीजवाल्याला ते अजून पटलेलं नाही.