ऋषीच्या भाजीचं परडं

पोरी, पंचांग उघड आणि ऋषिपंचमीपासून 85 दिवस मागे मोज. जी तारीख येईल त्या दिवशी मका टोच. ओलं कणीस भरायला 75 ते 85 दिवस लागतात, आणि मक्याचा तुकडा नसेल तर ती मला ऋषीची भाजी वाटतच नाही. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही, म्हणून मका, चवळी, भोपळा हे सगळं परड्यात, कुदळीनं खणलेल्या मातीत.

जागा उंच कोपऱ्याची घे. आपलं घर कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर. पुराचं पाणी देवळात शिरून दक्षिणद्वारातून वाहिलं की बाहेरगावची माणसं स्नानाला येतात, मी मात्र पाणी कुठवर चढलं ते बघते. 2019 साली उंच-सखल काही उरलंच नाही, सगळं परडं पाण्यात. तसं झालं तर रडत बसायचं नाही, पाणी ओसरल्यावर गाळावर मेथी फेकायची. पण एरवीच्या पावसातही काळ्या मातीत पाणी तुंबतं आणि मका पिवळा पडतो. म्हणून टोपलीएवढ्या घेराचे, वीतभर उंचीचे मातीचे ढीग कर, चार-चार फुटांवर. लव्हाळा गाठीसकट आधीच वेचून काढ. भोपळ्याची पानं तण दाबतात हे खरं, पण लव्हाळा भोपळ्याच्या बापालाही भीत नाही.

ढीग एका ओळीत नकोत, तीन बाय तीन असे चौकोनात हवेत. तुऱ्याचा पराग वाऱ्यानं शेजारच्या कणसाच्या केसांवर पडतो. एकच ओळ असली की तो उडून जातो आणि कणीस दातपडकं निघतं. प्रत्येक ढिगात पाच दाणे टोच, त्यातली चार रोपं ठेव.

आता खरी गोष्ट. लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात मी तिन्ही बिया एकाच दिवशी टोचल्या. महिन्याभरात चवळीचा वेल मक्याला मिठी मारून त्याला घेऊनच आडवा झाला. सासूबाई बोलल्या काहीच नाहीत, नुसत्या हसल्या. ते जास्त लागलं. तेव्हापासून मका वीतभर झाल्याशिवाय मी चवळीला हात लावत नाही. भोपळा त्यानंतर आठवड्यानं, आणि तोही फक्त कोपऱ्यातल्या ढिगांवर. नऊच्या नऊ ढिगांवर भोपळा लावलास तर कणसापर्यंत पाय टाकायला जागा राहणार नाही.

चवळी वेलाचीच बघून घे. श्रावण घेवड्याचं झुडूप होतं, ते चढत नाही. वरणा चढतो, पण इतका माजतो की मका दिसेनासा होतो, आणि शेंगा थंडीत देतो. त्याला कुंपण दे.

नातवानं फोनवर दाखवलं, अमेरिकेतले हौडेनोसौनी लोक मका, घेवडा, भोपळा यांना तीन बहिणी म्हणतात. मका आणि भोपळा तिकडूनच आपल्याकडे आले. म्हणजे ज्यांच्या नावानं भाजी करतो त्या ऋषींनी मका पाहिलाच नव्हता! चवळी मूळची आफ्रिकेची, म्हणजे आपल्या परड्यातली मधली बहीण सख्खी नव्हे, मानलेली.

चवळी मक्याला खत पुरवते म्हणतात, त्यावर विसंबू नकोस. तिच्या मुळांवरच्या गाठींतला नत्र बहुतेक पुढच्या पिकाच्या कामी येतो. मक्याला शेणखत घालायचंच. आणि काढणीनंतर चवळी उपटू नकोस, बुडातून काप. मुळं मातीत राहिली की त्याच ढिगावर वांगी लाव.

2018 पासून मक्यावर लष्करी अळी येते. पोंग्यात भुसा दिसला की नऊ भाग वाळूत एक भाग चुना मिसळून चिमूट-चिमूट टाक. भोपळ्याचं मात्र तुलाच बघावं लागेल. झडीच्या दिवसांत मधमाशी फिरत नाही, तेव्हा सकाळी नर फूल तोडून ते मादी फुलात फिरवायचं. मादी फुलाच्या खाली इवलासा भोपळा असतो, लगेच ओळखू येतं. उरलेल्या नर फुलांची भजी कर.

पंचांग देवघरात आहे, कुदळ माळ्यावर. तिचा दांडा सैल झालाय, आदल्या रात्री पाण्यात भिजत घाल.