मुरगळला, निखळला की मोडला?

जालना जिल्ह्यातील आष्टीच्या काळ्या रानात पावसाळ्यात पाय घसरला, की ‘मुरगळला असेल, चोळा’ असे कोणीही म्हणून जाते. परंतु मुरगळणे, निखळणे आणि मोडणे या तीन निराळ्या इजा आहेत. हाडांना हाडांशी बांधणारे चिवट अस्थिबंध ताणले, तर पाय मुरगळतो. हाडाचे टोक जागेवरून सरकले, तर सांधा निखळतो. हाडच तडकले वा तुटले, तर तो अस्थिभंग होय. सूज तिन्हींत येते. म्हणून नुसत्या डोळ्यांना भेद कळेलच असे नाही. चोळल्याने मोडलेले हाड आणखी सरकू शकते. तेव्हा दुखरा पाय हलू न देता रुग्णास दवाखान्यात न्यावे. १८९५ साली शोध लागलेल्या क्ष-किरणांच्या चित्रात हाड मोडले आहे की नाही, हे दिसते.