मागचा धागा सैल सोड

अगं, अप्पांसाठी दोन रंगांची टोपी विणायला घेतेयस, फार बरं वाटलं. पहाटे तुरीच्या शेतावर जाणाऱ्यालाच नवापूरची पौषातली थंडी कळते. आणि शिकायला टोपीच बरी. स्वेटर धरलास तर बाह्यांपर्यंत पोचायच्या आत शिमगा येईल.

सुया नंबरावर मिळतात आणि नंबर वाढला की सुई बारीक होते, एवढं ध्यानात ठेव. 8 नंबर म्हणजे 4 मिलिमीटर, 10 नंबर म्हणजे सव्वातीन. काठ 10 वर, नक्षी 8 वर. पण सरळ सुयांवर नको गं! त्यांवर एकाआड एक ओळ उलट विणावी लागते, आणि दोन धाग्यांनी उलट टाके घालणं नव्या हाताला जड जातं. 40 सेंटिमीटरची गोल सुई घे. नंदुरबारला नाही मिळाली तर सुरतेहून मागव, गाडीनं कुणी ना कुणी जात असतंच. गोल विणताना नक्षीचे सगळे टाके सुलट येतात आणि नक्षी कायम डोळ्यांसमोर राहते.

लोकर मध्यम जाडीची, एक रंग गडद, एक फिका. लाल-पांढरं घेणार असशील तर लाल धागा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून बघ, रंग सुटतो का.

टाके 108 घाल. दहा सेंटिमीटरला 22 टाके बसले तर घेर 49 सेंटिमीटर होतो, मोठ्या डोक्याला थोडा ताणून नीट बसतो. शिवाय 108 ला 4, 6, 12 नं भाग जातो, म्हणजे नक्षी मध्येच तुटत नाही. नक्षी रांगोळीच्या ठिपक्यांसारखी चौकटीच्या वहीत उतरव. शेटलंडकडच्या फेअर आइल बेटाचं विणकाम इतकं रंगीबेरंगी, पण तिथंही एका ओळीत बहुधा दोनच रंग असतात. तूही दोनच ठेव.

आता नीट ऐक, कारण बहुतेकींची पहिली टोपी इथंच फसते. जो रंग विणत नाहीस तो मागून आडवा जातो. तो ओढलास की टोपी आवळते आणि डोक्यात शिरत नाही. म्हणून रंग बदलताना उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरव, मगच नवा टाका घाल. मागचा धागा सैल दिसला तरी दिसू दे. एक रंग सलग पाच टाक्यांहून जास्त नको, नाहीतर आतल्या धाग्यात अप्पांची बोटं अडकतील.

क्रोशाला धागा डाव्या बोटावर घेतेस ना? नक्षीचा रंग तसाच डावीकडे, खालचा रंग उजवीकडे. हात मध्येच बदलू नकोस. डावीकडचा धागा जरा उठून दिसतो, आणि अदलाबदल झाली की निम्मी नक्षी फिकी पडते.

माथ्याला एकच रंग ठेव. तिथं टाके कमी होतात, गोल सुई पुरत नाही, तेव्हा मोज्याच्या सुयांवर घे. उरलेल्या टाक्यांतून धागा ओवून मात्र चांगला घट्ट ओढ. काठ लांब विण, दुमडून कानांवर यायला हवा.